साठ यार्डांचा फटका आणि आबांची गोफण

एडिंबरातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतले काम आटोपून मी घरी पोहोचते, तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. स्वयंपाकाला लागण्यापूर्वी जो जेमतेम अर्धा तास हाती उरतो, त्यात गेली तीन वर्षे मी गोल्फ शिकते आहे. अमळनेरकडच्या आमच्या माणसांना हा श्रीमंतांचा खेळ वाटतो आणि आपल्याकडे तो बराचसा तसा आहेही. इथे मात्र शहराच्या मधोमध ब्रंट्सफील्ड लिंक्स नावाचे सार्वजनिक मैदान आहे आणि उन्हाळ्यात तिथे ३६ छोटी होल्स, म्हणजे एकेका खळग्यापर्यंतचे खेळाचे टप्पे, खुली असतात. आपला क्लब, म्हणजे गोल्फची काठी, आणि चेंडू घेऊन गेले की कोणीही शुल्क न भरता खेळू शकतो. जूनमध्ये दहा वाजेपर्यंत उजेड असल्यामुळे जेवणानंतरही तिथे गर्दी दिसते, तर डिसेंबरमध्ये पावणेचारच्या आधीच सूर्य मावळतो आणि सरावासाठी फक्त सुटीचा दिवस उरतो.

माझा सगळा जीव जडला आहे तो जवळच्या फटक्यावर, म्हणजे ३० ते ८० यार्डांवरून चेंडू ग्रीनवर, म्हणजे झेंडा रोवलेल्या खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, नेमका उतरवण्यावर. हा फटका पूर्ण ताकदीने मारायचा नसतो, आणि तीच त्यातली खरी अडचण आहे. पूर्ण फटक्याला शरीराची एकच ठरलेली लय असते. अर्ध्या फटक्यात मात्र ‘किती कमी’ हे दर वेळी नव्याने ठरवावे लागते, आणि ऐन वेळी मनात शंका आली की हात मध्येच मंदावतो, क्लब चेंडूच्या मागे जमिनीत रुततो आणि चेंडू चार पावलांवर जाऊन पडतो.

पहिले वर्षभर मी एका सराव केंद्रात जाऊन टोपलीभर चेंडू, साधारण पन्नास, एकाच झेंड्याच्या दिशेने मारत असे. दहाव्या चेंडूपासून फटके सुरेख बसू लागत आणि मी समाधानाने घरी येत असे. मैदानावर गेल्यावर मात्र त्या समाधानाचा काहीच उपयोग होत नसे, कारण तिथे प्रत्येक अंतरासाठी एकच चेंडू मिळतो आणि आधीच्या नऊ चुकांवरून हाताला दुरुस्ती करून घेण्याची सोय नसते.

याचे उत्तर मला गेल्या डिसेंबरात गावी सापडले. बाजरी काढून मोकळ्या झालेल्या आमच्या वावरात, विहिरीजवळच्या हरळीच्या पट्ट्यावर उभी राहून मी चेंडू मारत होते आणि आबा, म्हणजे माझे वडील, बांधावर बसून पाहत होते. पाचसहा चेंडू एकाच गोणपाटाकडे गेलेले पाहिल्यावर ते म्हणाले, “पाखरू एकच जागावर दोनदा बसत नही.” आबांनी उभ्या पिकावरची पाखरे आयुष्यभर गोफणीने उडवली आहेत. जवळच्या पाखरासाठी एक वेढा, दूरच्यासाठी दोन किंवा तीन, पण दगड सोडताना मनगटाला हिसका कधीच नाही. लहानपणी हे रोज पाहिलेले असूनही त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

मग मी ३०, ४५ आणि ६० पावलांवर तीन गोणपाटे अंथरली. माझे मोठे पाऊल साधारण एक यार्डाचे, म्हणजे ९१ सेंटिमीटरचे पडते. भाचा माझ्या मागे आबांजवळ बसून “आत्या, मधलं!”, “आत्या, लांबचं!” असे पुकारत असे आणि तो पुकारेपर्यंत मी चेंडूजवळ जात नसे. गोल्फचा चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा असला तरी दगडासारखा लागतो, म्हणून समोर कोणीही जायचे नाही आणि चेंडू शेवटी एकदमच गोळा करायचे, हा नियम आम्ही काटेकोरपणे पाळला. वीस चेंडूंना पंचवीस मिनिटे लागत.

अंतर ठरवण्यासाठी मी ताकद बदलत नाही, हात किती मागे जातो एवढेच बदलते. माझ्या वेजने, म्हणजे ५६ अंश तिरक्या तोंडाच्या क्लबने, हात कमरेपर्यंत गेले तर चेंडू ४० यार्ड, छातीपर्यंत गेले तर ६० आणि खांद्यापर्यंत गेले तर ७५ यार्ड जातो. हे आकडे माझे आहेत. प्रत्येकाने आपले मोजून वहीत लिहावेत, कारण अशी वही नसेल तर अर्ध्या तासाच्या सरावातून दुसऱ्या दिवसासाठी काहीच शिल्लक राहत नाही.

उरलेली पाच मिनिटे मी चेंडूशिवाय घालवत असे. हरळीवर रांगोळीची एक सरळ रेघ ओढायची, ती दोन्ही पायांच्या मधोमध येईल असे उभे राहायचे, वजन किंचित डाव्या पायावर ठेवायचे आणि क्लब फिरवायचा. माती रेघेच्या पुढून उडाली तर फटका खरा आणि मागून उडाली तर आपण चेंडू उचलायला गेलो, असे समजावे. चेंडू उचलण्याचे काम क्लबच्या तिरक्या तोंडाचे आहे आणि आपण त्यात हात घालायचा नाही. वेजचा तळही मुद्दाम फुगीर केलेला असतो, त्यामुळे तो जमिनीत घुसण्याऐवजी तिच्यावरून घसरतो. अमेरिकन गोल्फपटू जीन सॅराझेन यांनी क्लबच्या तळाला शिशाचा डाग देऊन असा फुगवटा आणला आणि तोच क्लब घेऊन १९३२ मध्ये ब्रिटिश ओपन ही गोल्फ स्पर्धा जिंकली. आमच्या काळ्या मातीत पहिल्या दिवशी रेघेमागे लहानमोठे सात खड्डे पडले होते. चौथ्या दिवशी ते दोनवर आले, आणि रेघेपुढे वहीच्या पानाएवढा, पातळ सोललेला पट्टा दिसला, तेव्हा मला अतिशय आनंद झाला.

परत आल्यापासून मी टोपलीभर चेंडू मारणे सोडले आहे. उन्हाळ्यात कामावरून येताना ब्रंट्सफील्डला उतरते आणि एकाच चेंडूने आठनऊ होल्स खेळते. प्रत्येक होलचे अंतर वेगळे असल्यामुळे भाच्याच्या पुकाऱ्याचे काम तिथले मैदानच करते. चेंडू कुठे टेकवायचा ती जागा आधी नजरेत धरायची, झेंड्याकडे पाहायचे नाही, आणि फटक्यानंतर चेंडू किती कमी वा जास्त गेला ते पावलांनी मोजून वहीत टिपायचे, एवढा क्रम मी पाळते. ६० यार्डांचा फटका आता बहुतेक वेळा चारपाच पावलांच्या आत पडतो. ४० चा मात्र समुद्राकडून वारा आला की अजून तोकडा पडतो, म्हणून पुढच्या आठवड्यातले सगळे अर्धे तास मी त्याच्यासाठी राखून ठेवले आहेत.