तुम्ही विचारलंत म्हणून : भुतांच्या प्रेमकथा आणि मी

"मॅडम, तुम्ही रसायनशास्त्र शिकवता, जादूटोणाविरोधी कायद्यावर मुलांशी बोलता, आणि वाचता मात्र भुतांच्या प्रेमकथा, हे कसे?" हा प्रश्न मला लग्नकार्यात, एस.टी.त, शिक्षककक्षात अनेक वर्षे विचारला जातो आहे. अलीकडे त्याला दुसराही प्रश्न जोडला जातो : ज्या मालिकेचा शेवट लेखिकेने अजून लिहिलेलाच नाही, तिचा एकेक छोटा भाग घेऊन पुढच्या भागाची वर्ष-वर्ष वाट पाहण्यात काय हशील? आजवर मी हसून वेळ मारून नेली. आता एकदा नीट लिहिते.

कायद्याचा मुद्दा आधी संपवते. 2013 सालचा तो कायदा गोष्ट लिहिणाऱ्याला किंवा वाचणाऱ्याला हात लावत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली बाईला दोराने किंवा साखळीने बांधणाऱ्या, तिला मारहाण करणाऱ्या माणसाला तो धरतो. गोष्टीतले भूत आपण खरे आहोत असा दावा करत नाही. भगत करतो, आणि त्याचे पैसे घेतो. हा फरक माझ्या अकरावीच्या मुलांना कळतो, मोठ्यांना कळत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

दुसरे उत्तर मी बरीच वर्षे ढालीसारखे पुढे केले. हा प्रकार हलका नाही, असे मी सांगत असे. डब्लिनच्या शेरिडन ले फानू या लेखकाची 'कार्मिला' ही रक्तपिपासू तरुणीची लघुकादंबरी 'द डार्क ब्लू' या मासिकातून 1871-72 मध्ये क्रमशः आली, म्हणजे तिच्या पहिल्या वाचकांनाही पुढच्या अंकाची वाट पाहावी लागली होती. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' ही तशीच कादंबरी त्यानंतर 25 वर्षांनी, 1897 मध्ये आली. यातले सगळे खरे आहे. पण समोरच्याचे तोंड बंद व्हावे म्हणून मी ते सांगत होते, आणि 'कार्मिला' मी वाचली तीसुद्धा मुळात ढाल हवी होती म्हणून. ढाल का लागली, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

माझ्या भावाची मुलगी तेव्हा 19 वर्षांची होती आणि आमच्याच गावच्या महाविद्यालयात शिकत होती. ही मालिका मला तिनेच दिली. इंग्रजीतली, प्रत्येक भाग जेमतेम शंभर-सव्वाशे पानांचा. समुद्रात बुडून मेलेली एक बाई मोठ्या भरतीच्या रात्री दीपगृहाच्या रखवालदाराकडे येते, आणि प्रत्येक भेटीत त्याचे काहीतरी कायमचे नेते : आधी जिभेची चव, मग आईच्या आवाजाची आठवण, चौथ्या भागात तर गावाला त्याचे नावच आठवेनासे होते. हे दोघांनाही ठाऊक आहे. ती त्याला दार लावून घे म्हणून विनवते, तो कडी काढून ठेवतो, आणि तिचे विनवणे हे प्रेम आहे की शिकार जवळ ओढण्याची रीत, हे वाचणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही.

तो चौथा भाग माझ्या पिशवीत होता. मधल्या सुट्टीत मी डबा काढला तेव्हा तो बाहेर घसरला आणि एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी उचलला. खूण म्हणून एस.टी.चे तिकीट घातले होते, त्यामुळे पुस्तक नेमके त्याच पानावर उघडले. चांगली दीडएक पाने त्यांनी मोठ्याने वाचली, प्रत्येक वाक्याचे मराठी करून, भजनातल्या आळवणीच्या सुरात. तिचे ओले केस त्याच्या मानेवर टेकतात आणि तो थंडीने कापतो, पण बाजूला होत नाही, असा तो प्रसंग आहे. आदल्या रात्री तो वाचताना मी पुस्तक मिटून दोन मिनिटे नुसती बसले होते. आता तोच प्रसंग ऐकून शिक्षककक्ष हसत होता. मला आठवतात ते समोरच्या डब्यातले मटकीच्या उसळीचे दाणे. मान वर करण्याची हिंमत होत नव्हती म्हणून मी त्यांच्याकडेच पाहत राहिले.

"कुणाचं हो हे?" त्यांनी विचारले. मी म्हणाले, "माझं नाही, भाचीचं आहे."

वाक्य अक्षरशः खरे होते. पहिल्या पानावर निळ्या शाईत तिचेच नाव होते. इतकी वर्षे मी स्वतःला हेच बजावत आले आहे की मी खोटे बोलले नाही. पण त्या खोलीत त्या वाक्याचा अर्थ एकच होता, की हे वाचणारी मी नव्हे, ती आहे. आणि तो अर्थ तसाच पोहोचावा अशीच माझी इच्छा होती.

त्या बाई आणि माझी वहिनी एकाच भिशीत होत्या. पुढच्या रविवारी मी दादाच्या घरी गेले तेव्हा अंगणात रद्दीवाला तराजू धरून उभा होता. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर मालिकेचे पहिले तीन भाग ठेवलेले होते, आणि चौथा माझ्या पिशवीत होता, परत द्यायला आणलेला. वहिनी मला म्हणाली, "तुम्ही तरी सांगा हो वन्सं हिला, अभ्यास सोडून काय हे घाणेरडं वाचते." भाची दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले. आत्याही हेच वाचते, एवढे तिने म्हटले असते तरी पुरे होते. पण ती काहीही बोलली नाही. आणि मी म्हणाले, "परीक्षा झाल्यावर वाचावं असलं." पुस्तके तोलली गेली. चौथा भाग मी पिशवीतून बाहेर काढलाच नाही. तो आजही माझ्याकडे आहे, तिच्या नावाचा.

ढाल मी त्यानंतर शोधली. पुढे कोणी हसलेच तर त्याच्या तोंडावर फेकायला साल आणि नाव हवे होते. मात्र 'कार्मिला'त मला भेटली ती लॉरा, जी आपली 19 व्या वर्षीची हकिगत दहा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर सांगते आहे. मोठ्या माणसांनी कार्मिलाचे थडगे उघडले, खुंटी ठोकली, शिर वेगळे केले, देह जाळून राख नदीत सोडली आणि सरकारी अहवालही तयार केला. लॉरा मात्र सांगते की कार्मिलाच्या जवळिकीत तिला प्रेम आणि किळस एकाच वेळी जाणवत होती, आणि इतक्या वर्षांनंतरही दिवाणखान्याच्या दाराशी ती हलकी पावले वाजल्याचा भास तिला होतो. अहवालाने तिचे काहीच मिटवलेले नाही.

मी या गोष्टी का वाचते, याचे माझ्यापाशी असलेले सर्वांत प्रामाणिक उत्तर इथपर्यंतच येते. साध्या प्रेमकथेत प्रेम माणसाचे भले करते असे गृहीत धरलेले असते, आणि साध्या भयकथेत भयाचे कारण सापडले की ते नाहीसे केले जाते. या दोन्हींच्या संगमावरची गोष्ट मला त्या दोन्ही सोयी देत नाही. आपल्याकडे हे नवे आहे असेही नाही. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, असे सांगत आपल्या आज्या-पणज्या भुतांची ओळख करून देत असत. म्हणजे ज्याचे जगणे आणि ज्याची माया अर्ध्यावर तुटली, तोच परत येतो. आजीच्या तोंडून ते ऐकताना कोणी मला घाणेरडे ऐकतेस म्हटले नव्हते. मालिका अपुरी आहे हेही मला चालते. त्या बाईबद्दलचा अहवाल अजून कोणी लिहिलेला नाही, आणि दार उघडे ठेवणाऱ्या त्या माणसाला मूर्ख ठरवण्याची घाई मला नाही.

मात्र यावर माझ्यातच एक जुनी बाई उलट बोलते, ती मटकीच्या दाण्यांकडे पाहत बसलेली. ती म्हणते, की शंभर पानांत धोका पत्करणाऱ्या माणसासाठी तू रात्र जागवतेस, पण 'पुस्तक माझे आहे' हे तीन शब्द बोलण्याएवढा धोका तू पत्करला नाहीस. तेव्हा हे वाचन तुला धीट करते की धीटपणाची भूक परस्पर भागवते? मी तिला सांगते की कोणतेही पुस्तक माणसाला धीट करण्याच्या कराराने लिहिलेले नसते. तिला ते पटत नाही. मलाही रोज पटते असे नाही.

मालिकेचा सहावा भाग मागच्या महिन्यात आला. भाची आता पुण्यात नोकरी करते. मी दोन प्रती मागवल्या, एकीच्या पहिल्या पानावर निळ्या शाईने माझे नाव लिहिले आणि ती तिला पाठवली. पोहोचल्याचे तिने कळवले. वाचली की नाही, हे तिने सांगितलेले नाही आणि मी विचारलेले नाही.