करवतीचे दाते

पावसाळा सरला, की आमच्या कोकणातल्या बागेत आंब्यांवरची बांडगुळे डोळ्यांत खुपू लागतात. बांडगूळ नुसते ओरबाडून भागत नाही. ते फांदीच्या लाकडातच शिरलेले असल्यामुळे, जिथे चिकटले असेल त्याच्या खालून फांदीच उतरवावी लागते. गेल्या वर्षी मनगटाएवढी एक फांदी कापताना मला असा घाम फुटला, की लाकूड फारच जून झाले आहे, असा निर्वाळा मी झाडावरूनच देऊन टाकला. खाली उभ्या असलेल्या वाडीतल्या वृद्ध सुतारांनी पडलेला भुसा चिमटीत धरला आणि ते म्हणाले, "हे पीठ पडतंय. रवा पडायला हवा."

करवत खाली आणून पाहिली, तर दात्यांच्या खाचांत चीक आणि भुसा यांचे काळपट लुकण घट्ट बसले होते. वाळलेला चीक पाण्याला दाद देत नाही. फणस कापण्याआधी विळीला खोबरेल लावणाऱ्या घरात वाढूनही करवतीला तेल पुसण्याची बुद्धी मला कधी झाली नव्हती, हे कबूल केले पाहिजे. रॉकेलमध्ये बुडवलेल्या जुन्या दातांच्या ब्रशाने घासत बसलो, तेव्हा अर्ध्या तासाने पाते दिसू लागले. मग साबणाचे पाणी, कोरडे फडके, थोडे ऊन आणि शेवटी तेलाचा हात. आमच्या दमट हवेत ओले पाते एका रात्रीत तांबूस होते. डाळिंबवाल्यांना तर एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना हत्यार निर्जंतुक करावे लागते, नाहीतर तेल्या रोग पात्याबरोबरच पुढे सरकतो.

धार लावणे हे मात्र वेगळेच प्रकरण आहे. पूर्वी एकदा बाजारातल्या एका दुकानात करवत दिली होती; त्यांनी ती फिरत्या चाकावर धरली, दात्यांची टोके तापून निळी पडली आणि पोलाद मऊ होऊन आठवड्यातच बोथटली. म्हणून या वेळी तिधारी कानस घेतली आणि पाते दोन फळ्यांमध्ये आवळले. दाते एकाआड एक डावी-उजवीकडे किंचित झुकलेले असतात, त्यामुळे काप पात्याहून रुंद पडतो आणि पाते अडकत नाही. म्हणून आधी एका बाजूचे दाते घासायचे, मग पाते फिरवून उरलेले. कानस फक्त पुढे जाताना दाबायची, परतताना उचलायची आणि प्रत्येक दात्याला तेवढेच हात मोजून द्यायचे. बोथट दात्याचे टोक उजेडात पांढऱ्या ठिपक्यासारखे चमकते; तो ठिपका विझला, की दाता झाला. करवतकाठी लुगड्याच्या काठावर असे दाते सरळ रेषेत कसे उतरत असतील, याचे नवल मला तिसऱ्याच दात्याला वाटू लागले. हल्ली मिळणाऱ्या काही करवतींचे दाते मुळातच इतके कडक केलेले असतात, की कानस त्यांच्यावरून नुसती घसरते; त्यांचे पातेच बदलावे लागते.

दुसऱ्या दिवशी तीच फांदी पुन्हा धरली. झाडकापाची ही करवत ओढताना कापते, त्यामुळे जोर न लावता नुसते अंगाकडे ओढत राहिलो. रवा पडला. मध्येच थोडे पीठही पडत होते, कारण मुठीजवळचे चार दाते कंटाळून मी तसेच सोडले होते.