नळाला औषधाचा वास येतोय, प्यावं का?

नळ सुटला की अर्ध्या तासात कुणीतरी दारात उभं. "काका, तुम्ही लॅबमध्ये होतात ना? आज पाण्याला औषधाचा वास येतोय, प्यावं का?" इतक्या वेळा विचारलंत, म्हणून लिहूनच टाकतो.

तो वास क्लोरीनचा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सारी नोकरी केली, त्यामुळे या वायूशी ओळख जुनी. हवेच्या जवळजवळ अडीचपट जड, म्हणून बरणी सरळ ठेवूनच भरायची. मग तीत रंगीत कापडाचा कोरडा तुकडा टाकायचा. वायूही नीट सुकवलेला असला, तर काही होत नाही. पोरं हिरमुसायची. तोच तुकडा ओला करून टाकला, की रंग पांढरा फटक! क्लोरीन पाण्याशी मिळून हायपोक्लोरस आम्ल होतं, रंग खातं ते हे आम्ल. बर्थोले या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1785 च्या सुमारास हीच खोड कापड पांढरं करायला वापरली. सोलापुरात टॉवेलाचं सूत माहीत नाही असं घर विरळा, तेव्हा ब्लीच म्हणजे काय हे मी वेगळं सांगायला नको. आता त्या कामाला हायड्रोजन पेरॉक्साइड पुष्कळ चालतं.

"युद्धात माणसं मारली ती याच वायूनं ना?" हो, 1915 मध्ये बेल्जियममधल्या ईप्रजवळ. पण तो छातीत गेलेला वायू. नळाच्या पाण्यात लिटरला मिलिग्रॅमच्या हिशेबात असतो. नळापर्यंत लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम उरायला हवा, वाटेत पाइपात घाण शिरली तर तिच्याशी लढायला. घरात खरी भीती दुसरीच: संडास घासताना ॲसिड आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडर एकत्र करू नका. हाच वायू सुटतो. आमच्या घरी एकदा हे झालंय. सगळे खोकत अंगणात.

तर, वास येतोय ते पाणी बिनधास्त प्या. घोळ पुढे आहे. आपल्याकडे पाणी रोज सुटत नाही, पिंप भरून ठेवावं लागतं. क्लोरीन हळूहळू उडून जातो, वैशाखात तर लवकरच. तिसऱ्या दिवशी तुम्ही म्हणता, "आता कसं गोड लागतंय!" मी त्या दिवसापासून उकळून पितो. पिंपात तांब्या बुडवणाऱ्या नातवाला मात्र अजून आवरता आलेलं नाही.