खिंडसीला होडी घेऊन गेलो, आणि गाडीनं श्वास सोडला

जानेवारीचा पहिला आठवडा, सकाळचे पावणेआठ, रामटेकजवळच्या खिंडसी तलावाचा काठ. मी ट्रेलरचं जॉकी व्हील (नाकाखालचं, वरखाली होणारं टेकूचं छोटं चाक) फिरवतोय, मागचं दार उघडं टाकून दादा सामान काढतोय. निम्मा भार जॉकी व्हीलवर आला असेल-नसेल, तोच दादानं धाडकन दार लावलं. दोन-चार सेकंद सगळं शांत. मग फुस्स! गाडीची मागची बाजू दोन बोटं खाली बसली, सगळं वजन एकदम जॉकी व्हीलवर आलं आणि ते मुरमात रुतलं. होडीचं नाक खाली गेलं. माझा हात कपलरपासून (गाडीच्या हूकच्या बॉलवर बसणारी ट्रेलरची पकड) वीतभर लांब होता, एवढंच नशीब.

काठावर जाळं झटकत बसलेले एक काका म्हणाले, "भाऊ, गाडी कायले श्वास सोडून राहिली?"

गाडी दादाची, म्हणजे माझ्या मावसभावाची. स्प्रिंगांच्या जागी हवेच्या पिशव्या, म्हणजे एअर सस्पेन्शन असलेली एसयूव्ही. भार टाकला की कॉम्प्रेसर हवा भरतो, भार काढला की हवा सोडतो आणि गाडी पुन्हा सपाट. पण अशा बऱ्याच गाड्यांत दार उघडं असलं की हे काम थांबतं आणि दार लागलं की राहिलेला हिशोब एकदम पूर्ण होतो. मी भार उचलला तेव्हा मागची बाजू थोडी वर आली होती. दार उघडं, म्हणून गाडी गप्प होती. दार लागलं आणि तिनं हवा सोडली. पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं, पण पुस्तिका वाचतो कोण!

आता आमची रीत अशी. गाडी सपाट जागी उभी करून उंच मोडवर घ्यायची. ट्रेलरच्या दोन्ही चाकांना उटी (अडसराचा ठोकळा) लावायची, जॉकी व्हीलखाली जाड फळी ठेवायची (वीट नको, वीट फुटते) आणि ते फळीला टेकवून घट्ट करायचं. कपलरची कडी उघडायची, सगळ्यांनी हात काढून बाजूला व्हायचं, सगळी दारं लावायची आणि मग गाडी सगळ्यात खालच्या मोडवर. बॉल आपोआप कपलरमधून निसटून खाली जातो. जोडताना नेमकं उलटं: खाली बसलेली गाडी कपलरखाली रिव्हर्स घ्यायची, वर उचलायची, कडी बसली का ते हलवून पाहायचं. दंडाला काही काम उरत नाही. या एका सोयीसाठी मी दादाच्या गाडीचे बाकी सगळे नखरे माफ करतो.

एक मात्र लक्षात ठेवा. साधी गाडी मागे जास्त वजन पडलं की ढुंगण टेकवते आणि चुगली करते. ही गाडी चुगलीच करत नाही. हूकवर किती का भार असेना, दिसायला ऐटीत सपाट! आम्ही आदल्या दिवशी नागपूरच्या इतवारीतल्या ओळखीच्या धान्यवाल्याचा काटा आणून ट्रेलरचं नाक तोललं. भरलेला ट्रेलर ४२० किलो आणि नाकावर ७१. नांगर, पाण्याचा कॅन आणि डब्यांची पिशवी, सगळं होडीच्या पुढच्या टोकाला कोंबलं होतं. ते मागे सरकवलं तेव्हा ४० वर आलं. एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास नाकावर असावं. त्याहून फार कमी झालं तर ट्रेलर रस्त्यावर शेपटी हलवतो. आणि सस्पेन्शननं गाडी वर उचलली म्हणून हूकची क्षमता वाढत नाही.

रस्ता सोपा आहे. कामठी, कन्हान, मनसर, मनसरला उजवीकडे रामटेक. गडमंदिराचा डोंगर दिसला की आलोच. नागपूरहून पन्नासेक किलोमीटर, पण ट्रेलर मागे असल्यावर साठच्या वर जाऊ नका. वाटेत तर्री-पोह्याला थांबलो तेव्हा ट्रेलरच्या चाकाच्या हबला हात लावून पाहिला, चांगला गरम होता. गरम हब थंड पाण्यात बुडवला की बेअरिंग आत पाणी ओढतं. म्हणून काठावर पोचल्यावर अर्धा तास काहीही करू नका. होडीचं बूच लावलं का ते या वेळात दोनदा बघा. दिव्यांचा प्लग काढा, नाहीतर तापलेले बल्ब पाण्यात फुटतात. मागचे पट्टे सोडा, पण पुढचा विंचचा (होडी ओढायच्या हातचरखीचा) पट्टा मात्र होडी तरंगेपर्यंत तसाच राहू द्या.

परवानगीचं आधीच सांगतो. जलाशयात खाजगी होडी मनाला येईल तिथून सोडता येत नाही, लेखी परवानगी घ्या. आम्हाला तीन खेपा पडल्या. आमची होडी वल्ह्यांची, बारा फुटी. इंजिन लावणार असाल तर २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे नोंदणीही बघावी लागेल. पेंच नदीवरच्या तोतलाडोह जलाशयाचा विचारच नको, तो व्याघ्र प्रकल्पात येतो.

उतारावर दादाचा एक गैरसमज फिटला. त्याला वाटायचं, आपोआप सपाट राहणारी गाडी म्हणजे उतारावरही आडवी राहील. पण सेन्सर चाक आणि बॉडी यांतलं अंतर मोजतो. जमीन तिरकी आहे की सरळ, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. गाडी उतारावर उताराएवढीच तिरकी. उंच मोडचा फायदा एवढाच की सायलेन्सर पाण्याच्या वर राहतो. काकांनी बांबू टोचून तळ दाखवला: चार हात मुरूम, पुढे काळा गाळ. मुरूम संपायच्या आधी थांबलो. इंजिन चालू, फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर), हँडब्रेक, मागच्या चाकांना उटी. होडी अलगद सुटली.

संध्याकाळी परत चढवताना विंचनं होडीचं नाक ओढलं, तसा हूकवर भार आला आणि मागची बाजू दबली. दारं बंद होती, म्हणून कॉम्प्रेसर घरघरायला लागला. घाई करू नका. गाडी स्थिरावू द्या, मग विंचचे शेवटचे चार फेरे मारा. आम्ही घाई केली आणि होडी एका रोलरवरून सरकून तिरकी बसली. पुन्हा पाण्यात सोडून पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. काकांचा डोंगा तोवर दोन माणसांनी उचलून काठावर ठेवलाही होता. "याले हवा नाई लागत बा," एवढंच म्हणाले.

नोव्हेंबर ते जानेवारी जा, तेव्हा पाणी काठाला असतं. मार्चनंतर पाणी मागे सरकतं आणि मुरूम संपतो तिथून गाळच गाळ. तिथे एअर सस्पेन्शन नाही, ट्रॅक्टर लागतो.