पोर जिथं राहतं, तिथलं कोर्ट

"मुलगी राहते कुठं?" ताईची मुलगी दत्तक घ्यायची म्हणून गेले, तर वकीलबाईंनी सगळ्यात आधी हेच विचारलं.

"माझ्याकडं, साताऱ्यात," मी म्हणाले.

"शाळेत नाव?"

"तासगाव तालुक्यात."

"रेशनकार्ड?"

"आजीच्या."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग ती तासगावची. तुमच्याकडं ती सुट्टीला येते."

मला राग आला होता, हे खरंच सांगते. 2021 च्या मे महिन्यात ताई गेली आणि आठवडाभरात दाजीही गेले. पोर तेव्हा सात वर्षांची होती. तेव्हापासून दिवाळी, उन्हाळा, मधली कुठलीही सुट्टी, ती आमच्याच घरात असायची. तिच्या दप्तराचा खण, तिचं पांघरूण, तिची सायकल सगळं इथं. आणि कुणीतरी म्हणतंय, ती इथली नाही! पण कायद्याला खण आणि पांघरूण दिसत नाही, ती नेहमी जिथं राहते ते ठिकाण दिसतं. त्यामुळं आमचा अर्ज साताऱ्याच्या नव्हे, सांगलीच्या जिल्हा न्यायालयात लागणार होता.

त्याआधी आम्ही एक मोठी चूक करून बसलो होतो. एका टंकलेखकानं पाचशेच्या स्टॅम्पवर 'दत्तकपत्र' टाइप करून दिलं. ताईच्या सासूबाईंची, म्हणजे पोरीच्या आज्जींची, सही घेतली, शिक्का मारला, "झालं काम" म्हणाला. आम्ही पेढे वाटले. आठ महिन्यांनी तिचं नाव मी शिकवते त्या शाळेत घालायला तो कागद नेला, तेव्हा कळलं की त्याला काडीचीही किंमत नाही. आई-बाप हयात असतील, तर तेच मूल दत्तक देतात आणि त्यासाठी आधी कोर्टाची परवानगी लागत नाही. पण दोघंही वारले असतील आणि मूल पालकाच्या, म्हणजे आमच्या बाबतीत आजीच्या, ताब्यात असेल, तर आधी कोर्टाची परवानगी हवीच. हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा, 1956, कलम 9 पोटकलम 4. हे कलम मला आता झोपेतसुद्धा सांगता येतं. ही परवानगी तासगावचं तालुका कोर्ट देऊ शकत नाही, त्यासाठी जिल्हा न्यायालयच लागतं. मुंबईसारख्या शहरात नगर दिवाणी न्यायालय.

त्यात 2022 साल. 1 सप्टेंबरपासून बाल न्याय कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि जो तो सांगायला लागला, "आता कोर्ट नाही, दत्तक सगळं कलेक्टरकडं." एका कार्यालयात तर आमचा कागद न वाचताच परत केला. त्यात अर्धं खरं होतं. दत्तक देणाऱ्या संस्थेतून मूल घेतलं, तर आदेश आता जिल्हाधिकारी देतात आणि तोही संस्था ज्या जिल्ह्यात आहे तिथले. दोन महिन्यांत निकाल द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर तीस दिवसांत विभागीय आयुक्तांकडं अपील, म्हणजे आपल्याला पुणे. पण बाल न्याय कायद्यातच लिहिलंय की हिंदू दत्तक कायद्याखालच्या दत्तकाला तो लागू नाही. आमची वाट त्या जुन्या कायद्याची होती. मला मुलगा आहे, मुलगी नाही, म्हणून या कायद्यानं मुलगी दत्तक घेता येत होती. आधीची मुलगी असती तर तेही जमलं नसतं. ही अट मला आजही पटत नाही.

साताऱ्याच्या माणसाला दत्तकाचा हुकूम कुणाचा, हा प्रश्न तसा नवा नाही. 1848 मध्ये छत्रपती शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब वारले. मरणाआधी त्यांनी दत्तक घेतला होता, कंपनी सरकारनं तो मानला नाही आणि राज्य खालसा केलं. चौथीच्या मुलांना मी हे दरवर्षी शिकवत आले. यंदा शिकवताना आवाज जरा जड झाला.

सांगलीच्या तारखा म्हणजे पहाटेची एसटी. कराड, पेठनाका, इस्लामपूर, आष्टा, मग सांगलीत विजयनगरचं कोर्ट. आज्जी तासगावाहून यायच्या, डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. तिसऱ्या तारखेला पुकारा झाला आणि न्यायाधीशांनी मुलीला एकटीला चेंबरमध्ये बोलावलं. आम्ही बाहेर बाकड्यावर. आज्जींनी माझा हात धरला होता, घट्ट. कोर्टाला तीन गोष्टींची खात्री पटावी लागते: यात मुलाचं भलं आहे, त्याच्या वयाच्या मानानं त्याची इच्छा विचारात घेतली आहे, आणि देण्याघेण्यात पैसा नाही. पैशाचं आम्हाला विचारलं, तेव्हा आज्जींनी नुसते कानाला हात लावले.

पोर बाहेर आली. काय विचारलं गं? "कुणाला काय हाक मारतेस म्हणून विचारलं. मी म्हटलं मावशीला मावशी, आज्जीला आज्जी. मग मीच विचारलं, मावशीला आई म्हणावं लागणार का? ते म्हणाले, ते तू ठरव."

गावात कुजबुज होतीच, आता द्राक्षबागेचा हिस्सा साताऱ्याला जाणार म्हणून. आज्जींनाही आतून तीच भीती असावी, बोलल्या कधी नाहीत. दत्तक झाल्यावर मूल जुन्या घरातून सुटतं खरं, पण दत्तकाआधी जी मालमत्ता त्याच्या नावावर आली ती त्याचीच राहते, नव्या आईबापाची होत नाही. वकीलबाईंनी हे दत्तकपत्रात स्वतंत्र ओळीत घातलं. आज्जींनी ती ओळ मला दोनदा वाचायला लावली.

परवानगीचा हुकूम 2023 च्या जूनमध्ये हातात पडला. त्यानंतर दत्तकपत्राची नोंदणी. ती कुठं करायची ते मात्र आमच्या हातात होतं. आज्जींचे गुडघे धरलेले, म्हणून आम्हीच तासगावला गेलो. नुसत्या सह्यांवर भागत नाही, मूल प्रत्यक्ष द्यावं-घ्यावं लागतं. आदल्या संध्याकाळी जुन्या घराच्या सोप्यात आज्जींनी ताईच्या फोटोला हळदकुंकू वाहिलं, पोरीला माझ्या मांडीवर बसवलं आणि म्हणाल्या, "ही घे. उन्हाळ्याला बेदाणं खायला धाडत जा."

ती मला अजून मावशीच म्हणते.