आबांची अरुंद धमनी आणि न टाकलेला स्टेंट

माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, उजव्या मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी अरुंद झाल्याचे निदान झाल्यापासून नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत जो भेटतो तो एकच विचारतो, ‘मग स्टेंट कधी टाकणार?’ शेजारच्या काकांनी तर जिन्यातच सुनावले, ‘अहो, आमच्या साडूंना हृदयात दोन टाकले, आता रोज तलावपाळीला फेऱ्या मारतात. तुम्ही आबांना नुसत्या गोळ्यांवर काय ठेवलंय?’ स्टेंट म्हणजे अरुंद धमनी उघडी ठेवण्यासाठी आत बसवायची जाळीदार नळी. काकांची आपुलकी खरी आहे, पण हृदयविकाराच्या झटक्यात जे तातडीने करावे लागते, तेच मूत्रपिंडाच्या धमनीलाही जसेच्या तसे लागू पडते असे नाही.

आबांचा रक्तदाब कित्येक वर्षे एका गोळीवर व्यवस्थित होता. सत्तरीच्या उंबरठ्यावर तो अचानक 180 च्या वर जाऊ लागला आणि तीन औषधांनाही दाद देईना. तेव्हा डॉक्टरांनी त्यांना आडवे झोपवले, बेंबीच्या थोडे वर उजवीकडे स्टेथोस्कोप टेकवला आणि बराच वेळ ऐकल्यावर तो माझ्याही कानाला लावायला दिला. नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी आत बारीकसा ‘फुस्स’ असा, अरुंद जागेतून रक्त जाताना होणारा आवाज येत होता. सोनोग्राफीत डावे मूत्रपिंड 10.4 सेंटिमीटर भरले आणि उजवे 8.3. दोन्हींच्या लांबीत दीड सेंटिमीटरहून अधिक तफावत असेल तर धमनी अरुंद असल्याची शंका घ्यावी लागते. पुढे डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आणि सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचे स्कॅन) यांनी ती शंका खरी ठरवली.

एका धमनीच्या अरुंदपणामुळे सगळ्या शरीराचा दाब का वाढावा, हे मला आमच्या इमारतीच्या पाण्यावरून उमगले. एखाद्याच घराचा पाइप गंजून बुजला, तर त्या घरातला माणूस ‘पाणी येत नाही’ म्हणून पंप जोरात चालवायला लावतो आणि दाब मात्र सगळ्यांच्याच नळांत वाढतो. रक्त कमी पोहोचलेले मूत्रपिंड अशीच तक्रार रक्तात रेनिन नावाचे द्रव्य सोडून करते. रेनिनमुळे तयार होणारे अँजिओटेन्सिन रक्तवाहिन्या आकुंचित करते, आणि त्यापाठोपाठ अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक शरीरात मीठ व पाणी धरून ठेवते. रेनिनचा शोध 1898 मध्ये स्टॉकहोममध्ये लागला होता. पण मूत्रपिंडाच्या धमनीला चिमटा लावून कुत्र्यांमध्ये कायमचा उच्च रक्तदाब निर्माण करून दाखवला तो हॅरी गोल्डब्लाट यांनी, क्लीव्हलंडमध्ये, 1934 साली.

म्हणूनच या आजारातला मुख्य उपचार अँजिओटेन्सिनला अडवणारी गोळी हाच आहे. आबांना टेल्मिसार्टन, अॅम्लोडिपिन आणि लघवी वाढवणारी एक गोळी चालू आहे. धमनी चरबीच्या थरांनी अरुंद झालेली असल्यामुळे कोलेस्टेरॉल कमी करणारी अॅटोरव्हास्टॅटिन आणि रक्ताच्या गुठळ्या रोखणारी अॅस्पिरिनही आहेच. यांतली अँजिओटेन्सिनला अडवणारी टेल्मिसार्टन ही गोळी गुणकारी खरी, पण बेफिकिरीने घेण्याजोगी नाही. दोन्ही धमन्या अरुंद असतील, किंवा मूत्रपिंड एकच असेल, तर मूत्रपिंडाच्या गाळणीतला दाब बऱ्याच अंशी अँजिओटेन्सिननेच टिकवून धरलेला असतो. तो आधार काढला की क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने रक्तातून गाळून टाकायचे टाकाऊ द्रव्य, झपाट्याने चढू शकते. त्यामुळे गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावे लागते. आबांचे क्रिएटिनिन 1.2 वरून 1.4 झाले, तेव्हा घरात सगळे घाबरले. डॉक्टर मात्र शांत होते, कारण साधारण 30 टक्क्यांपर्यंतची वाढ बहुधा चालवून घेतात आणि त्यापुढे गेली तरच फेरविचार करतात. उलट्या-जुलाब झाले तर ही गोळी तात्पुरती थांबवण्याबाबत लगेच फोन करा, आणि गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक आणू नका, या त्यांच्या दोन सूचना मी फ्रिजवर चिकटवून ठेवल्या आहेत. मिठाबाबत आबांशी रोजची झटापट चालते. मिसळ त्यांनी सोडली, लोणचे अजून सोडलेले नाही.

आता स्टेंटविषयी. आंद्रेयास ग्रुंट्सिग यांनी 1978 मध्ये मूत्रपिंडाची धमनी प्रथम फुग्याने रुंद केली आणि पुढची काही दशके धमनी अरुंद दिसली की उघडायची, असाच कल होता. मग 2009 मध्ये 806 रुग्णांवरच्या ‘अॅस्ट्रल’ आणि 2014 मध्ये 947 रुग्णांवरच्या ‘कोरल’ या अभ्यासांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चरबीच्या थरांमुळे धमनी अरुंद झालेल्या रुग्णांमध्ये गोळ्यांच्या जोडीला स्टेंट टाकूनही मूत्रपिंड, हृदय किंवा आयुष्य यांबाबत ठळक फायदा आढळला नाही. ‘कोरल’मध्ये वरच्या रक्तदाबात जेमतेम 2 अंकांचा फरक पडला. शिवाय धमनी फाटणे, चरबीचे कण सुटून मूत्रपिंडातच अडकणे, हे धोके प्रक्रियेत असतातच.

या अभ्यासांवर एक आक्षेप आहे आणि तो मला रास्त वाटतो: सर्वांत गंभीर रुग्ण त्यांत फारसे घेतलेच गेले नव्हते. म्हणून फुफ्फुसांत वारंवार अचानक पाणी भरत असेल, औषधांची पूर्ण मात्रा देऊनही दाब उतरत नसेल, किंवा दोन्ही बाजूंच्या अरुंदपणामुळे मूत्रपिंडे वेगाने निकामी होत असतील, तर स्टेंटचा विचार आजही करतात. तरुण वयातला आजार तर वेगळाच. फायब्रोमस्क्युलर डिसप्लेझियात, म्हणजे धमनीच्या भिंतीचीच वाढ बिघडण्याच्या आजारात, धमनी मण्यांच्या माळेसारखी दिसते आणि बहुतेकदा नुसत्या फुग्याने काम होते. आपल्याकडे तरुण मुलींमध्ये आढळणाऱ्या ताकायासू आजारात मोठ्या धमन्यांना, हातांकडे जाणाऱ्याही, सूज येते; त्यात आधी धमनीची सूज औषधांनी शमवावी लागते. पंचविशीतल्या मुलीचा रक्तदाब 170 निघाला, तर ‘टेन्शन घेते’ म्हणून सोडून न देता दोन्ही हातांची नाडी आणि दोन्ही हातांचा दाब तपासून घ्यायलाच हवा.

आबांच्या फाइलवर डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन आणि वर्षातून एकदा डॉप्लर असे लिहून दिले आहे. घरी मोजलेला दाब सध्या 130 ते 138 च्या दरम्यान असतो. उजवे मूत्रपिंड आणखी आकसले किंवा दाब पुन्हा हाताबाहेर गेला, तर स्टेंटचा विषय पुन्हा काढायचा, असे आमचे ठरले आहे, आणि काकांनाही मी हेच सांगितले आहे.