खांदी कापायला शिकतोय : अकरावा महिना

पोळा होऊन गेला तरी पाऊस उघडीप द्यायला तयार नाही, म्हणून करवत महिनाभर खुंटीलाच आहे. झाडावर चढता येत नाही तेव्हा एकच काम उरतं, आपणच केलेले जुने काप बघत फिरणं. परवा खिशात मोजपट्टी घालून तेच केलं. मागच्या दिवाळीपासूनचा सगळा हिशेब झाडांनी लिहून ठेवला होता.

लाजिरवाण्या कापापासून सुरू करतो. गोठ्याच्या टिनांवर कडुनिंबाची एक खांदी आली होती (फांदीला आमच्याकडे खांदीच म्हणतात). मनगटाहून जाड. मी बुंध्याजवळ वरून करवत लावली आणि ओढत सुटलो. निम्म्यावर आलो तोच खांदी स्वतःच्या वजनानं बसली, खालच्या सालीला धरून लोंबकळली आणि जाताना बुंध्याची हातभर साल सोलून घेऊन गेली. टिनाला पोचा आला तो वेगळाच. ती सोललेली पट्टी आजही तशीच आहे, कडा तेवढ्या थोड्या गोळा झाल्यात.

तीन कापांची पद्धत मला ठाऊक होती. पण एवढ्याशा खांदीला काय तीन काप, असं वाटलं होतं. आता बोटाएवढ्या काडीपलीकडचं काहीही असलं तरी तीनच. पहिला काप खालून, बुंध्यापासून फूट-दीड फूट लांब, जाडीच्या पावएक हिश्शापर्यंत. त्याहून खोल गेलात की करवत चिमटीत सापडते, कारण वाकलेल्या खांदीचा खालचा अंग दाबात असतो आणि वरचा ताणात. दुसरा काप वरून, पहिल्यापेक्षा दोन बोटं बाहेरच्या बाजूला. खांदी तुटते, साल फाटत आली तरी खालच्या कापाशी येऊन थांबते. मग उरलेला हलका खुंट तिसऱ्या कापात निवांत काढायचा.

सगळी गंमत तिसऱ्या कापात आहे. आमच्या अंगणातल्या म्हाताऱ्या कडुनिंबाला माणसाच्या उंचीवर एक ढोली आहे. पोपट राहतात तिच्यात. आजोबांनी तिथली मोठी खांदी कुऱ्हाडीनं बुंध्याशी अगदी सपाट, हात फिरवला तर लागू नये अशी काढली होती. गावात त्या सफाईचं कौतुक झालं म्हणतात. ढोली त्याच कापाची आहे.

मला चढायला शिकवतात ते बाबा गावातले चिंचा झोडणारे. साठी कधीच उलटली, पण खांदीवर चालतात ते धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) चालल्यासारखे. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "खांदीच्या बगलेत करवत घालू नोको बापू. बगल झाडाची अस्ते, खांदीची नाही." बुंध्याशी खांदी जिथं फुगीर होते, वरच्या बाजूला सालीची सुरकुती पडते, त्या भागाला ते बगल म्हणतात. हीच गोष्ट ॲलेक्स शायगो या अमेरिकी वनखात्यातल्या संशोधकानं लाकूड उभं चिरून दाखवली. त्यासाठी त्यानं चेनसॉनं हजारो झाडं उघडून पाहिली, आणि १९७७ साली आलेल्या पुस्तिकेत झाड जखमेभोवती भिंती कशा उभ्या करतं ते मांडलं. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. कुजकं लाकूड आतच राहतं, झाड ते कोंडून टाकतं आणि वरून नवं लाकूड वाढवतं. त्या भिंतीतली एक पक्की भिंत बगलेतच असते. सपाट कापात ती कापली जाते आणि जखम खांदीची न राहता बुंध्याची होते. उलट वीतभर खुंट ठेवला तर तो वाळतो, झाडाला त्याच्यावरून मिटता येत नाही, आणि कूज आत शिरायला वाट मिळते.

परवा मोजपट्टी लावली ती यासाठी. जानेवारीत त्याच कडुनिंबावर बगल सोडून केलेला काप ६ सेंटीमीटरचा होता. आता चहूबाजूंनी सारखी वळकटी चढलीय, टायरच्या ट्यूबसारखी, आणि मधलं उघडं लाकूड साडेतीन सेंटीमीटर राहिलंय. त्याच्या वर दोन हातांवर दिवाळीतला एक काप आहे, बगल थोडी खाल्लेला. तिथं वळकटी फक्त डाव्या-उजव्या अंगाला आहे, वर-खाली नाही. जखम डोळ्यासारखी लांबट दिसते. झाड एक, करवत एक, फरक अर्ध्या इंचाचा.

संत्र्याचं थोडक्यात सांगतो, कारण आमच्या वरुड-मोर्शीकडे सल काढणं हा छंद नाही, कामच आहे. बहार तुटला की वाळक्या काड्या दोनेक सेंटीमीटर हिरव्या भागासकट काढायच्या आणि कापावर बोर्डो पेस्ट लावायची. मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर. शायगो म्हणतो कापाला काही फासल्यानं कूज थांबत नाही, आणि इथं आम्ही निळे हात घेऊन फिरतो! यावर मी बरेच दिवस डोकं खाजवलं. माझ्यापुरतं उत्तर असं, की संत्र्यावरची पेस्ट डिंक्यासारख्या बुरशीच्या रोगासाठी आहे, लाकूड कुजू नये म्हणून नाही. कडुनिंब आणि चिंचेला मी काहीच लावत नाही. ऑइल पेंट तर नाहीच.

दोराचं काम सगळ्यात उशिरा हाती बसतंय. जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून तिच्यात ३०० ग्रॅम रेती भरली, बारीक दोरी बांधली आणि पंचवीस फुटांवरच्या बेचक्यात फेकायला लागलो. तेविसाव्या फेकीला गेली. मोजायला गल्लीतली पोरं होतीच. प्रुसिक आणि बोलाइन या दोन गाठी पावसाळाभर खाटेच्या पायाला बांधून पक्क्या केल्या. बैलगाडीचा नाडा खांदी उतरवायला चालतो, स्वतःला टांगायला नाही. त्यासाठी वेगळा दोर आणि आयएस ३५२१ (सुरक्षा पट्ट्यांचं भारतीय मानक) छाप असलेला हार्नेस घेतला. घरच्यांनी किंमत विचारली तेव्हा मी दोन्हींची वेगवेगळी सांगितली, बेरीज केली नाही.

हार्नेसचे पैसे मे महिन्यातच वसूल झाले. वाऱ्या-वादळात मोडलेली आंब्याची खांदी काढत होतो. शिडी त्याच खांदीला टेकवलेली, काप आणि बुंधा यांच्या मध्ये. मी स्वतःला शहाणा समजत होतो, कारण कापाच्या आतल्या बाजूला होतो ना! पण शेंड्याकडचं वजन गेल्याबरोबर उरलेली खांदी वीतभर वर उसळली. शिडीचं टोक हवेत राहिलं आणि शिडी सरकली. बुंध्याला बांधलेला पट्टा होता म्हणून मी लोंबकळलो, नडगी सोलली आणि करवत खाली बाबांपासून चार हातांवर पडली. ते काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "कालिदासाले शिडी नव्हती, येवढाच फरक." तेव्हापासून शिडी बुंध्यालाच, वरून बांधलेली, आणि करवतीला वेगळी दोरी.

मोठा तुकडा आता सोडून देत नाही, उतरवतो. हिरवं लाकूड घनमीटरला टनाच्या आसपास भरतं. २० सेंटीमीटर जाड आणि २ मीटर लांब तुकडा म्हणजे साठेक किलो, सिमेंटच्या बॅगेहून जास्त. तो हातानं धरायचा विचारही करू नये. नाड्याचे बुंध्याला दोन-तीन वेढे दिले की घर्षणच वजन पेलतं आणि खालचा माणूस एका हातानं सोडत जातो. हात मात्र वेढ्यात अडकता कामा नये.

चेनसॉ मी अजून घेतलेली नाही. तारेजवळच्या झाडालाही हात लावत नाही, ते लाइनमनचं काम. आणि आख्खं झाड पाडायचं असेल तर १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे. आंबा, चिंच, मोह, साग त्याच्या यादीत आहेत, वावर आपलं असलं तरी परवानगी लागते.

पुढचं काम धुऱ्यावरच्या चिंचेचं. वाळलेली एक खांदी बैलगाडीच्या वाटेवर आलीय, बुडाशी मांडीएवढी. तिच्यापासून दहा हातांवर आग्या मोहोळ बसतं. सध्या माश्या गेल्यात, काळं पडलेलं पोळं तेवढं लटकतंय. थंडी पडली की त्या परत येतील. म्हणजे साल वाळल्यावर आणि माश्या यायच्या आधी असे जेमतेम दोन-तीन आठवडे मिळणार. बाबांनी नवरात्रानंतरचा दिवस धरलाय. मी तोवर खाटेच्या पायाला गाठी बांधतोय.